विश्रांतीचे दोन दिवस कापले आणि बेस कॅम्प राहून गेला

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक नेपाळमधल्या लुक्लाला सुरू होतो आणि लुक्लालाच संपतो. लुक्ला २,८६० मीटरवर आहे, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे पहिलं पाऊल टाकतानाच आपण कळसूबाईच्या हजारभर मीटर वर असतो. वाट अवघड म्हणावी अशी नाही. खच्चरं आणि झोपक्यो (याक आणि गाईच्या संकरातली ओझ्याची जनावरं) जातात एवढी ती रुंद आहे, आणि दर दोन-तीन तासांवर चहा-जेवणाची सोय होते. अवघड आहे ती विरळ हवा. तिला शरीर रुळायला वेळ लागतो, आणि तो वेळ तब्येत कमावून किंवा जिद्दीने कमी करता येत नाही. म्हणून वाटेवरच्या नामचे गावात एक आणि त्याच्या वरच्या डिंगबोचेला एक, असे दोन दिवस मुक्काम न हलवता राहायचं, हे या वाटेवरचं कुठलंही वेळापत्रक सांगतं. आमच्या पुण्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकातही ते दोन्ही दिवस छापलेले होते. प्रत्यक्षात आम्हाला त्यातला एकही मिळाला नाही.

मी हे तपशिलात लिहिते आहे, कारण दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, कोल्हापूरहून कितीतरी लोक याच वाटेवर जातात. बहुतेकांनी वर्षभराची रजा साठवून ठेवलेली असते.

शनिवार, काठमांडू

आम्ही अठरा जण. सगळ्यात लहान पंचविशीतला मुलगा, सगळ्यात मोठ्या नाशिकच्या काकू. वय साठच्या आसपास, पण तब्येत खणखणीत. वर्षभर पहाटे उठून पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्याचा त्यांचा नेम. खोलीत त्या माझ्या जोडीदार होत्या. एक साताऱ्याचे शाळामास्तर होते, त्यांना सगळे सर म्हणत.

थामेलमधल्या हॉटेलात संध्याकाळी बैठक झाली. दर सहा जणांमागे एक गाईड असेल, असं माहितीपत्रकात होतं. बैठकीत समजलं की पुण्याहून आलेला एक ट्रेक लीडर, एक शेर्पा गाईड आणि त्यांचा एक मदतनीस, एवढीच माणसं बरोबर आहेत. पैसे भरताना ज्या अनुभवी लीडरचं नाव सांगितलं होतं, ते आलेच नव्हते. त्यांच्या जागी आलेला मुलगा उत्साही होता, बोलायला गोड होता. नामचेच्या वर तो पूर्वी गेलेला नव्हता, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

शेर्पा गाईडना आम्ही दाई म्हणायला लागलो, नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. पन्नाशीचा शांत माणूस. बैठकीत ते एकच वाक्य बोलले, हिंदीत: "ऊपर जल्दी करनेवाला नीचे भी जल्दी आता है."

रविवार, रामेछाप

लुक्लाची विमानं काठमांडूहूनच सुटतात अशी पुष्कळांची समजूत असते. गर्दीच्या हंगामात ती बरीचशी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठायचं, बसमध्ये बसायचं आणि वळणावळणांच्या रस्त्याने चार-पाच तास प्रवास करून पहाटे तिथे पोचायचं. माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. ज्यांना गाडी लागते त्यांची ती रात्र फार वाईट गेली.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी, आणि साऱ्या पट्टीला जवळजवळ १२ टक्के चढ. वैमानिक डोळ्यांना दिसेल तसंच विमान उतरवतात. ढग आले की उड्डाणं थांबतात, आणि दुपारनंतर वारा सुटतो म्हणून खरं कामकाज सकाळचंच. एप्रिलमध्ये एखादा दिवस विमान न उडणं यात नवल काहीच नाही. हंगामात दोन-दोन दिवसही जातात. नवल वाटलं ते याचं की आमच्या साऱ्या वेळापत्रकात अशा अडचणीसाठी एकही दिवस मोकळा नव्हता. पुढच्या गुरुवारी लुक्लाहून परत, शुक्रवारी मुंबईचं विमान. दोन आठवड्यांच्या रजेत बसेल अशा मापाने सगळं कापलेलं होतं.

सकाळी सहापासून अकरापर्यंत बाकड्यांवर बसून होतो. लुक्लावर ढग होते. अकराला त्या दिवसाची उड्डाणं रद्द झाल्याचं सांगितलं.

सोमवार, अजून रामेछाप

पुन्हा तेच. मंथली जेमतेम पाचशे मीटरवर आहे. एप्रिलमध्ये तिथे उकडतं, आणि आमच्या पिशव्यांत सगळे लोकरीचे कपडे. पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांत आम्ही तिघे-तिघे झोपलो. याबद्दल माझी तक्रार नाही. हवामान कोणाच्या हातात नसतं, आणि त्या गावाने आम्हाला जेवू घातलं.

तक्रार आहे ती संध्याकाळच्या निर्णयाची. दोन दिवस गेले होते. आता सरळ दोन वाटा होत्या. परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकलून पूर्ण ट्रेक करायचा, किंवा तारखा तशाच ठेवून अर्ध्या वाटेवरच्या तेंगबोचेपर्यंत जाऊन परत फिरायचं. दोन्हींत काही ना काही सोडावं लागलं असतं, पण दोन्ही सुरक्षित होत्या. लीडरने पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. वीस मिनिटांनी येऊन त्याने सांगितलं, "काही बदलणार नाही. नामचे आणि डिंगबोचेचे विश्रांतीचे दिवस आपण भरून काढू. तुम्ही सह्याद्रीत चालणारी माणसं आहात, तुम्हाला काय होतंय!"

सरांनी विचारलं, "भरून काढू म्हणजे काय? ते दिवस चालण्याचे नव्हतेच, थांबण्याचे होते." मी विचारलं, की हा बदल कंपनी लेखी देईल का. दोन्हींना उत्तर मिळालं नाही. दाई कोपऱ्यात उभे होते. निर्णय ऑफिसचा होता आणि त्यांना मजुरी ऑफिसकडून मिळत होती.

वरच्या प्रदेशाचा नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. नव्या बेताप्रमाणे आम्ही मंगळवारी २,६१० मीटरवर झोपणार होतो आणि शनिवारी लोबुचेला, ४,९४० मीटरवर. मध्ये कुठेही थांबायचं नव्हतं.

मंगळवार, लुक्ला ते फाकडिंग

विमान उडालं. वीस मिनिटांत आम्ही लुक्लात होतो आणि बाहेर पडताच समोर बर्फाचे डोंगर उभे. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. दोन दिवसांचा शीण गेला.

सामान उचलायला पोर्टर आले. दोन जणांमागे एक पोर्टर, असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात तीन डफल पिशव्या एकत्र बांधून एकेकाच्या पाठीवर चढत होत्या. ट्रेकिंगच्या पोर्टरसाठी ३० किलो ही मर्यादा धरली जाते. तीन पिशव्यांचंच ओझं तेवढं होतं, वर त्यांचं स्वतःचं सामान निराळं. कपाळावर नाम्लोचा पट्टा, हातात टेकायला तोक्मा, आणि आमच्या पिशव्या नेणाऱ्या मुलाच्या पायात कॅनव्हासचे झिजलेले बूट. वय विचारलं तर एकोणीस म्हणाला. मी लीडरला सांगितलं की एक माणूस आणखी घ्या, फरकाचे पैसे आम्ही देतो. सर आणि काकूही माझ्या बाजूने बोलल्या. लीडर म्हणाला, "यांना सवय असते, ताई."

हे वाक्य मला फार लागलं. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याच्या मानेवर ओझं चढतं, तेव्हा ते किती असावं हे पाहणं पैसे घेणाऱ्या कंपनीचं पहिलं काम आहे. काकूंनी आपल्या पिशवीतले जादा कपडे आणि खाऊचे डबे काढून लुक्लाच्या लॉजवर ठेवून दिले. मीही तेच केलं. त्या मुलाचं ओझं पाच-सहा किलोंनी उतरलं असेल.

फाकडिंगची वाट दूधकोशीच्या काठाने उतरत जाते. नदीचं नाव खरंच शोभणारं आहे, पांढरंशुभ्र पाणी दगडांवर फुटत असतं. वाटेत मणी भिंती लागतात. दगडांवर मंत्र कोरलेले असतात आणि त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं असतं.

बुधवार, नामचे बाजार

मोंजोला सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार आहे. १९७६ साली हे उद्यान झालं, १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पुढे दूधकोशी आणि भोटेकोशीच्या संगमावर तो प्रसिद्ध उंच झुलता पूल, आणि तिथून नामचेपर्यंत सलग चढ. वाटेवर लाली गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला होता, लालभडक. दाई दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "बिस्तारै, बिस्तारै," म्हणजे हळूहळू. लीडर पुढे उभा राहून वेळ पाहत होता.

नामचे ३,४४० मीटरवर, घोड्याच्या नालेच्या आकारात वसलेलं. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी इथे थांबून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून यायचं आणि पुन्हा इथेच झोपायचं, हा मूळ बेत. तो रद्द होता. पहाटे सहाला निघायचं ठरलं.

गुरुवार, तेंगबोचे

या दिवसाचा पहिला अर्धा भाग मी विसरणार नाही. नामचेवरून वाट डोंगराच्या कडेने जाते आणि एका वळणावर अमा दब्लम समोर येतो. शिखराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या सोंडा, मध्ये लोंबणारी हिमनदी. मी आजवर पाहिलेल्या डोंगरांत याच्याइतका देखणा दुसरा नाही. मागे ल्होत्सेची भिंत आणि तिच्या माथ्यावरून डोकावणारं एव्हरेस्टचं काळं टोक. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टची मोहीम केली, तेव्हापासून ते टोक एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं मनात होतं. मला हुंदका आला. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि त्याही रडल्या.

मग वाट फुंकी थेंगाला नदीपर्यंत उतरली आणि तिथून सहाशे मीटरचा चढ. याच चढावर गटाची वीण उसवली. पुढचे आणि मागचे यांत दीड तासाचं अंतर पडलं. मागच्यांबरोबर फक्त दाई. तेंगबोचेला पोचल्यावर सात-आठ जणांची डोकी दुखत होती.

तिथला मठ १९१६ चा. १९३४ च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला, १९८९ मध्ये आगीत जळला, पुन्हा उभा केला. संध्याकाळची प्रार्थना ऐकायला आम्ही चौघंच गेलो. बाकीचे जेवणघरातल्या शेगडीभोवती डोकी धरून बसले होते.

रात्री लीडरने प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडे वहीत लिहिले, आम्हाला सांगितले नाहीत. "आकडे ऐकून माणूस घाबरतो," असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, माझ्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आधी मला कळायला हवा.

शुक्रवार, डिंगबोचे

४,४१० मीटर. एका दिवसात साडेपाचशे मीटरची चढाई. झाडं मागे पडली. दगडी कुंपणांत बटाट्याची आणि जवाची शेतं, वर उघडे डोंगर आणि वारा.

काकूंना वाटेतच मळमळायला लागलं. पोचल्यावर उलट्या झाल्या. पाणीही पोटात राहीना. त्यांच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती, हे मला सर्वांत जास्त खटकलं. लीडरने डायमॉक्सची गोळी दिली आणि सांगितलं, "सकाळपर्यंत बरं वाटेल. उद्या लोबुचे." डायमॉक्स शरीराला रुळायला मदत करते हे खरं. पण विरळ हवेचा त्रास सुरू झाल्यावर मुख्य उपाय एकच असतो, तो म्हणजे आणखी वर न जाणं. त्रास वाढला तर खाली उतरणं. हे मी पुण्यात वाचून आले होते, आणि त्या रात्री दाईंनीही नेमकं तेच सांगितलं.

रात्री मी झोपले नाही. दर तासाला काकूंना उठवून नाव विचारत होते, गाव विचारत होते. त्या म्हणायच्या, "अगं, नाशिक. किती वेळा विचारशील?" ते उत्तर ऐकलं की धीर यायचा.

शनिवार, खाली

पहाटे लीडरने दोन पर्याय सांगितले. एक, काकूंनी हळूहळू लोबुचेपर्यंत यावं. दोन, हेलिकॉप्टर. मी विम्याची कागदपत्रं मागितली. आमचा विमा ट्रेकच्या कंपनीनेच काढून दिलेला होता, त्याचे पैसे आमच्या रकमेत धरलेले होते. फोनवर पॉलिसी उघडून पाहिली तर ती साध्या पर्यटनाची निघाली. तिच्यात ३,००० मीटरच्या वरचा बचाव समाविष्टच नव्हता. बेस कॅम्पच्या ट्रेकला नेणाऱ्या कंपनीने आम्हा अठरा जणांना असा विमा दिला होता. सरांनी तो मजकूर मोठ्याने वाचला, तेव्हा जेवणघरात कोणी काही बोललं नाही.

हेलिकॉप्टरचे पैसे काकूंनी स्वतः भरायचे होते. दाईंनी शांतपणे तिसरी वाट सांगितली: आधी फेरिचेचा दवाखाना, मग पायी खाली. लीडरने मदतनीसाला द्यायला नकार दिला, कारण वर जाणारे अजून सोळा जण होते. काकूंबरोबर तो एकोणीस वर्षांचा पोर्टर जाईल, म्हणाला. त्याला हिंदी थोडंच यायचं. मी म्हटलं, मी जाते. माझं डोकं दुखत नव्हतं, जेवण जात होतं, मी वर जाऊ शकले असते. पण आजारी माणसाला ४,४०० मीटरवर असं सोडून जायचं नसतं.

डिंगबोचेहून एक लहान धार ओलांडली की फेरिचे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. १९७३ पासून तो वसंतात आणि शरदात, ट्रेकच्या हंगामात चालतो. डॉक्टर परदेशातून सेवाभावाने येतात आणि रोज दुपारी उंचीच्या आजारांवर सगळ्या ट्रेकर्सना माहिती देतात. आमच्या तरुण डॉक्टर बाईंनी काकूंना तपासलं, छातीचे आवाज ऐकले, जमिनीवरच्या रेषेवर टाच आणि बोट जोडून चालायला लावलं. मेंदूला सूज येत असेल तर माणसाला असं चालताना तोल सावरत नाही. काकू नीट चालल्या. फुप्फुसंही साफ होती. "आज वर जाणं नाही. जेवढं खाली जाता येईल तेवढं जा," त्या म्हणाल्या. तपासणीचे पैसे घेतले, रीतसर पावती दिली. साऱ्या प्रवासात आमच्याशी सरळ आणि पूर्ण बोलणारी ती पहिली जागा होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही पांगबोचे मागे टाकून देबोचेला, ३,८२० मीटरवर आलो. काकूंचा हात त्या मुलाच्या खांद्यावर, मागून मी. सात वाजता काकूंनी अर्धी वाटी गरम सूप प्यायलं आणि ते राहिलं. आठला त्या म्हणाल्या, "भूक लागलीय."

रविवार, नामचे

उतरलो. काकू स्वतःच्या पायांनी, स्वतःची पाठपिशवी घेऊन. त्या दिवशी बाकीचे बेस कॅम्पवर असणार, हे आम्हा दोघींच्याही मनात होतं. त्यावर आम्ही बोललो नाही.

सोमवार, एव्हरेस्ट व्ह्यू

काकूंची तब्येत पूर्ण सुधारली होती. ज्या चढाला आमचा गुरुवार मिळायला हवा होता, तो आम्ही आता चढलो. नामचेच्या वर स्यांगबोचे आणि पुढे ३,८८० मीटरवरचं हॉटेल. १९७१ मध्ये एका जपानी माणसाने ते उभं केलं. गच्चीतून समोर एव्हरेस्ट, ल्होत्से, अमा दब्लम, उजवीकडे थामसेर्कू. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही दोन तास बसलो. नंतर खुमजुंग गावात उतरून १९६१ मध्ये एडमंड हिलरींनी सुरू केलेली शाळा पाहिली. मधली सुट्टी होती, पोरं मैदानात धावत होती, ३,७९० मीटरवर.

तिथे बसल्यावर मला स्पष्ट दिसलं की आमच्याकडून काय काढून घेतलं होतं. या एका दिवसाने शरीर रुळतं. याच दिवसात गावं दिसतात, माणसं भेटतात. आणि एव्हरेस्टचं शिखर दिसतं ते इथून. बेस कॅम्पवरून ते दिसतच नाही, पश्चिमेकडची धार आणि नुप्त्से शिखर आड येतात. कंपनीच्या जाहिरातीत मात्र बेस कॅम्पच्या नावाखाली शिखराचा फोटो छापलेला आहे.

मंगळवार, नामचे

दुपारी उशिरा गट परतला. सोळातले बारा जण चालत आले. एक जण लोबुचेहून दाईंच्या मदतनीसाबरोबर मागे येत होता, तो रात्री पोचला. तिघे बेस कॅम्पच्या अलीकडच्या गोरक्षेपहून हेलिकॉप्टरने थेट काठमांडूला गेले होते. त्यांतला एकजण खरोखर आजारी होता. इतर दोघे थकलेले होते, पण आजारी नव्हते. त्या तिघांचा विमा त्यांनी स्वतः वेगळा घेतलेला होता, उंचीचा समावेश असलेला. काठमांडूच्या स्थानिक एजंटाने फोनवर सांगितलं होतं, की गंभीर आजाराचा फॉर्म भरा, पैसे विमा देईल, चालायची कटकट नको.

नेपाळमध्ये हा प्रकार जुना आहे. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने हेलिकॉप्टर बचावाच्या खोट्या दाव्यांची चौकशी केली होती, इतकी ती कीड पसरली होती. खोटा दावा म्हणजे नुसती विमा कंपनीची फसवणूक नाही. अशाने पुढच्या खऱ्या आजाऱ्याचा फोन संशयाने उचलला जातो.

बेस कॅम्पला पोचलेल्यांना मी विचारलं, कसं होतं? सरांनी बराच विचार केला. म्हणाले, "मला आठवत नाही. डोकं एवढं दुखत होतं, की फोटो काढला आणि फिरलो. तिथे दहा मिनिटं थांबलो असेन." इतक्या दुरून जाऊन, इतके पैसे देऊन, सरांसारख्या हौशी माणसाच्या हाती दहा मिनिटांची डोकेदुखी पडावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

बुधवार, गुरुवार

लुक्लाला परतीच्या संध्याकाळी लीडरने पोर्टरांच्या बक्षिसासाठी माणशी ठरावीक रक्कम गोळा केली. पैसे कोणाला किती दिले ते सांगितलं नाही. आम्ही पाच-सहा जणांनी आपापल्या पोर्टरला वेगळे पैसे थेट हातात दिले. काकूंनी त्या मुलाला बूट घेऊन द्यायचं ठरवलं होतं. लुक्लाच्या बाजारात त्याच्याच पायात घालून पाहून चांगले जाड तळाचे घेतले. तो काकूंच्या पाया पडला. काकूंनी त्याला उठवून जवळ घेतलं.

दाईंशी रात्री निवांत बोलले. तीसेक वर्षं ते या वाटेवर आहेत. म्हणाले, पूर्वी लोक विचारायचे, कितने दिन चाहिए. आता विचारतात, कितने दिन में होगा.

गुरुवारी सकाळी लुक्लाचं विमान वेळेवर उडालं. रामेछापहून बसने काठमांडू.

शुक्रवार आणि त्यानंतर

मुंबईत उतरल्यावर दोन दिवसांनी मी कंपनीला पत्र लिहिलं. चार गोष्टी मांडल्या: छापील वेळापत्रकातले विश्रांतीचे दोन दिवस आम्हाला न विचारता काढले, गाईडची संख्या कबूल केल्यापेक्षा कमी होती, विमा या उंचीला लागूच नव्हता, आणि पोर्टरांवर जास्त ओझं लादलं. उत्तर आलं की डोंगरात असे प्रसंग येतातच, आणि पुढच्या सहलीवर आम्हाला सवलत मिळेल. सवलत मी घेतली नाही.

आता काकू, सर, मी आणि आणखी पाच जण मिळून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतो आहोत. माहितीपत्रकाची प्रत, पॉलिसीचा कागद, फेरिचेच्या दवाखान्याची पावती आणि वहीतल्या ऑक्सिमीटरच्या नोंदींचे फोटो जोडले आहेत. हे फोटो दाईंच्या मदतनीसाने पाठवले. पैसे परत मिळावेत ही मागणी आहेच. तिच्याबरोबर आम्ही हेही मागितलं आहे की कंपनीने यापुढे या ट्रेकच्या वेळापत्रकात नामचे आणि डिंगबोचेचे दिवस कोणत्याही कारणाने रद्द होणार नाहीत असं लिहून द्यावं, विमानासाठी निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत, आणि उंचीचा विमा असल्याशिवाय कोणालाही लुक्लाच्या विमानात बसवू नये. कंपनीने पुढच्या ऑक्टोबरची जाहिरात केली आहे. तिच्यातही दोन आठवडेच आहेत आणि मोकळा दिवस नाही. ती जाहिरातही आम्ही तक्रारीला जोडली आहे.